रात्रपाळीला किती माणसं? वृद्धाश्रम निवडण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

आई-वडिलांना कुठे ठेवायचं हा प्रश्न घरात बहुतेक वेळा हलक्या आवाजातच निघतो, आणि निर्णय होतो तो एका भेटीवर, एका रविवारी. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. पत्रं थोडक्यात छापली आहेत, नावं गाळली आहेत.

आई ७८ वर्षांची आहे. खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकरवर चालते, पण रात्री बाथरूमला एकटी सोडता येत नाही. आम्ही दोघी बहिणी पुण्यात. सोलापुरातली दोन ठिकाणं पाहिली. दोन्हीकडे बाग, देवघर, टीव्हीचा हॉल, आणि महिन्याचे पैसेही जवळपास सारखेच. ठरवायचं कशावरून?
– जुळे सोलापूर

बाग आणि हॉल हिंडत्याफिरत्या माणसांसाठी असतात, त्यावरून तुमच्या आईची रात्र कशी जाईल हे कळणार नाही. तुमचा प्रश्न रात्रीचा आहे, तेव्हा तपासायची सुरुवातही रात्रीपासूनच करा. व्यवस्थापकांना सरळ विचारा, "रात्री दोन वाजता किती माणसं जागी असतात?" "जागी" म्हणजे खरोखर जागी, कॉटवर झोपलेली नव्हेत. मग हजेरीपत्रक मागा आणि हिशोब स्वतः करा. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने ४८ तास काम केलं, तर एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. वीस जणांच्या आश्रमात कायम दोन मावशी हजर हव्यात तर पत्रकावर सात नावं पाहिजेत. पाळी बारा-बारा तासांची असली तरी साप्ताहिक सुट्टी धरून पाच. स्वयंपाक आणि झाडलोट यांची माणसं वेगळी. "तीन मावशी आहेत, सगळं त्याच बघतात" असं उत्तर मिळालं तर रात्री जागं कोणी नाही, किंवा जे जागं आहे ते सलग सोळा तास काम करून पेंगलेलं आहे.

दोनच का हव्यात? पडलेल्या माणसाला उचलायला, अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलायला दोघी लागतात. एकटीने ओढून उचललं की म्हाताऱ्या माणसाचा खांदा निखळतो किंवा कातडी सोलते. आणि एकजण अॅम्ब्युलन्सबरोबर गेली तर मागे कोणीतरी उरलं पाहिजे.

भेटी तीन द्या. पहिली वेळ ठरवून. दुसरी न सांगता, संध्याकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान, म्हणजे जेवण कसं भरवतात ते दिसतं. तिसरी सकाळी सहाच्या सुमाराला, रात्रपाळी सुटायच्या आधी. जमलं तर एक फेरी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा दिवाळीत मारा, कारण सणाला कर्मचारी गावी जातात आणि बदली माणूस ठेवलाय की नाही ते तेव्हाच समजतं. जेवणाच्या, विश्रांतीच्या वेळा सांभाळायला सांगणं रास्त आहे. पण "भेट फक्त रविवारी चार ते पाच, तीही हॉलमध्येच" असा नियम असेल तर ते ठिकाण तिथेच सोडून द्या.

आत गेल्यावर सर्वांत चांगल्या खोलीत बसू नका. जो माणूस सर्वांत जास्त अंथरुणाला खिळलेला आहे, त्याच्या कॉटपाशी परवानगी घेऊन दोन मिनिटं थांबा. ओठ सुकलेले आहेत का? नखं कापलेली आहेत का, नखांत मळ आहे का? पाण्याचा पेला हाताच्या टप्प्यात आहे की टेबलावर चार फूट लांब? घंटा कुठे आहे? लकवा झालेला असेल तर ती चालत्या हाताच्या बाजूला हवी. भिंतीवर डोक्यामागे लावलेली घंटा त्याच्या उपयोगाची नाही. घंटा स्वतः दाबून घड्याळ बघा. पाच मिनिटांत कोणी आलं नाही तर रात्री तुमच्या आईची वाट पाहण्याची वेळ त्याहून मोठीच असणार, आणि पडण्याचे प्रसंग नेमके त्याच वाट पाहण्यात घडतात. लघवी थांबत नाही म्हणून माणूस स्वतःच उठतो.

लघवीचा वास एखाद्या खोलीत असेल तर आत्ताच काहीतरी झालं असेल, तो धरू नका. सगळ्या पॅसेजमध्ये, तिन्ही भेटींत येत असेल तर गाद्यांत मुरलाय. फिनेलचा घमघमाट हाही चांगला शकुन नव्हे.

बाथरूममध्ये मोजपट्टी घेऊन जा. कमोडची उंची ४५ ते ४८ सेंटीमीटर. खुबा बदललेला असेल तर बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जाता कामा नयेत, त्यामुळे बुटका कमोड आणि आंघोळीचा पाट दोन्ही बाद. आधाराची दांडी जमिनीपासून ७५ ते ८५ सेंटीमीटरवर हवी, आणि ती तुम्ही स्वतः पूर्ण भार टाकून ओढून बघा. टॉवेलची नळी ही आधाराची दांडी नाही, पण बऱ्याच ठिकाणी तीच दाखवतात. दार बाहेर उघडणारं हवं, कारण आत पडलेलं माणूस आत उघडणाऱ्या दाराला अडसर होतं आणि मदत आत शिरू शकत नाही. कडी बाहेरूनही उघडता आली पाहिजे. उंबरठा नको. कॉटपासून कमोडपर्यंत रात्रभर छोटा दिवा हवा, आणि लाईट गेली तरी तो इन्व्हर्टरवर लागला पाहिजे.

आता वह्या. चार मागा: औषधांची, वजनाची, घटनांची आणि हजेरीची. दुसऱ्यांची नावं झाकून दाखवली तरी चालेल. घटनांच्या वहीत वीस जणांच्या घरात वर्षभरात कोणी पडल्याची एकही नोंद नसेल, तर खुश होऊ नका. या वयात, एवढ्या माणसांत, हे जवळपास अशक्य आहे. म्हणजे लिहिलं जात नाही. उलट "अमुक तारखेला रात्री दोन वाजता कॉटजवळ पडल्या, डॉक्टरांना कळवलं, मुलाला फोन केला, कॉट खाली घेतली" अशी नोंद सापडली तर त्या ठिकाणाला गुण जास्त द्या. वजन महिन्यातून एकदा. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट ही धोक्याची खूण. ५० किलोच्या माणसाचे महिन्यात अडीच किलो गेले तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

औषधांसाठी सोपी तपासणी: आईला ठेवल्यावर गोळ्या मोजून द्या. दिवसातून दोनदा घ्यायच्या ६० गोळ्या दिल्या असतील तर विसाव्या दिवसाअखेर २० उरल्या पाहिजेत. तीस उरल्या तर डोस चुकताहेत, पाच उरल्या तर जास्त दिल्या जाताहेत किंवा कोणा दुसऱ्याला. गोळ्या पाकिटातून काढून सगळ्यांच्या एका डब्यात मिसळून ठेवलेल्या दिसल्या तर पुढे काही पाहायची गरज नाही.

जेवणाचं शेवटचं. संध्याकाळी सहाला ताट आणि सकाळी नऊला नाश्ता म्हणजे पंधरा तास पोट रिकामं. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर पहाटे उतरते, तो गोंधळतो, उठतो आणि पडतो. साडेनऊला दूध किंवा हलकं खाणं मिळतं का ते विचारा. आणि सोलापूरकरांसाठी एक आवर्जून: कवळी लावणाऱ्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी तशीच वाढली तर ती ताटात राहते. आमटीत किंवा दुधात कुस्करून देतात का, हे ताट उचलताना पाहा. किती वाढलं त्यापेक्षा किती उरलं ते महत्त्वाचं.

"आमची संस्था रजिस्टर्ड आहे" असं सांगून भिंतीवरची फ्रेम दाखवतात. तेवढं पुरे का?
– सात रस्ता

कसली नोंदणी ते वाचा. धर्मादाय कार्यालयाचा दाखला म्हणजे ट्रस्ट कायदेशीर आहे आणि तिने हिशोब द्यायचे असतात, इतकंच. शॉप अॅक्टचा दाखला म्हणजे तिथे व्यवसाय चालतो. दोन्ही कागद निगा कशी घेतली जाते याबद्दल एक अक्षर सांगत नाहीत. जिथे सलाईन लावतात, जखमांची मलमपट्टी करतात, नळीने भरवतात, तिथे नर्सिंग होमची नोंदणी आहे का हे विचारा. मनोरुग्णांना ठेवत असतील तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खालची नोंदणी लागते. स्वयंपाकघराला अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना असतो. 'सिस्टर' म्हणून ओळख करून दिलेल्या बाई एएनएम किंवा जीएनएम (नर्सिंगचं रीतसर शिक्षण घेतलेल्या) आहेत का, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

आगीचं मात्र नीट तपासा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यात यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. ताजं दाखवा म्हणा. आग विझवायच्या सिलिंडरवरचा काटा हिरव्यात हवा. आणि रात्री जिन्याच्या जाळीला कुलूप लावत असतील तर किल्ली कोणाच्या कमरेला असते ते विचारा. चालता न येणारी माणसं वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट एकच, अशी रचना असेल तर नाही म्हणा. आग लागल्यावर लिफ्ट वापरता येत नाही.

वडिलांना लकवा झाल्यापासून केअर सेंटरमध्ये ठेवलंय. गेल्या आठवड्यात माकडहाडावर लाल चट्टा दिसला. तिथले म्हणतात उन्हाळ्याचं आहे, पावडर लावतोय. एअर बेडही आहे. काळजीचं कारण आहे का?
– विजापूर रोड

आहे, आणि हा आठवडा महत्त्वाचा आहे. चट्ट्यावर बोट तीन सेकंद दाबून उचला. जागा पांढुरकी होऊन परत लाल झाली तर रक्त वाहतंय. लालच राहिली तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही कित्येकदा, तेव्हा बाजूच्या कातडीशी हाताने तुलना करा: ती जागा जास्त गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का. इथवर जखम उघडलेली नसते आणि भार पूर्ण काढला तर काही दिवसांत बरी होऊ शकते. भार तसाच राहिला तर आतलं मांस आधी मरतं, कातडी नंतर फुटते. म्हणून "परवापर्यंत काही नव्हतं, अचानक खड्डा पडला" असं ऐकू येतं. अचानक काही होत नाही.

भार काढायचा म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर नको, खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी लावून साधारण तीस अंशांत तिरकं ठेवायचं. टाचा अधांतरी हव्यात, पोटरीखाली उशी. कॉटची डोक्याची बाजू भरवताना आणि त्यानंतर अर्धा तास वर, बाकी वेळ तीस अंशांच्या आत; जास्त वर ठेवली की माणूस खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी घासली जाते. (नाकातून नळीने भरवत असाल तर डोकं किती वर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा, तिथे ठसक्याचा धोका मोठा.) लाल जागेवर मालिश नको. मध्ये भोक असलेली गोल उशी तर मुळीच नको, ती कडेने रक्त अडवते. पावडरीचे घामात खडे होतात; ती बंद करून झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावायला सांगा.

एअर बेडमुळे कूस बदलण्यातून सुटका होत नाही. तो चालतोय का ते असं बघा: माकडहाडाच्या बरोबर खाली, एअर बेड आणि गादीच्या मध्ये तळहात घाला. हाताला हाड टेकलेलं जाणवलं तर हवा कमी आहे. लाईट गेल्यावर बऱ्याच बेडची हवा उतरते, म्हणून पंप इन्व्हर्टरवर जोडलेला आहे का पाहा. वर जाड रजई आणि प्लास्टिक अंथरलं की बेडचा निम्मा फायदा गेला. एक पातळ चादर पुरे.

कूस बदलल्याचा तक्ता बघायला मागा. सकाळी अकराला गेलात आणि दुपारी चारपर्यंतच्या सह्या आधीच झालेल्या असतील तर उत्तर मिळालं. महिनाभर एकाच पेनाने, एकाच अक्षरात २, ४, ६, ८ लिहिलेला तक्ता एका बैठकीत भरलेला असतो. डायपरचाही हिशोब करा. दर तीन-चार तासांनी आणि शौच झाल्यावर लगेच बदलायचं, म्हणजे दिवसाला सहा-सात लागतात. बिलात महिन्याला साठच असतील तर वडील ओल्यात पडून असतात.

जखम भरायला प्रथिनं लागतात, रोज वजनाच्या किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम. वजन ५० किलो असेल तर साधारण बासष्ट ते पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात तेवढंच, मूठभर शेंगदाण्यांच्या कुटात सात. पेज आणि चहा-बिस्किटांवर हा आकडा गाठता येत नाही. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. काळा पडलेला भाग, दुर्गंधी, पू, ताप यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि दर भेटीत जखमेशेजारी पट्टी ठेवून तारखेसह फोटो काढा, फक्त जखमेचा.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात ४२-४३ अंश जातं. सासूबाईंची खोली वरच्या मजल्यावर आहे. कूलर आहे म्हणतात. नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं तिथे कूलर आणि आंघोळी कशा भागवतात?
– होटगी रोड

नेमका प्रश्न विचारलात. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाण्याचं माप धरलं तर वीस जणांना पाच दिवसांसाठी साडेतेरा हजार लिटर साठा लागतो, आणि अंथरुणावरची माणसं जास्त असतील तर चादरी-कपडे धुण्याला याहून अधिक. गच्चीवर हजाराच्या दोन टाक्या आणि खाली हौद नाही, असं असेल तर दुसऱ्याच दिवशी आंघोळींऐवजी ओलं फडकं फिरतं. टँकरचं पाणी घेत असतील तर पिण्याच्या नळाशी क्लोरिन तपासायला सांगा. तपासणीचा छोटा संच मिळतो, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम दाखवला पाहिजे. हौद शेवटचा कधी धुतला ती तारीख विचारा. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासली नाही तर डासांच्या अळ्या तिथेच वाढतात.

खोली मे महिन्यात दुपारी तीनला बघा. थेट स्लॅबखालची किंवा पत्र्याची असेल तर रात्रीही तापलेली राहते. खालची मागून घ्या. उतारवयात तहान लागल्याचं कळत नाही, त्यामुळे "मागितलं की देतो" हे उत्तर चालणार नाही. दर दोन तासांनी पेला हातात दिला पाहिजे: पाणी, ताक, सरबत. हृदयविकार किंवा किडनीमुळे पाणी मोजून द्यायचं असेल तर डॉक्टरांनी ठरवलेलं माप कॉटपाशी लिहिलेलं हवं. जीभ कोरडी, लघवी गडद आणि कमी, आणि बोलण्यात अचानक गोंधळ, ही लक्षणं मे महिन्यात "वयामुळे" म्हणून सोडायची नाहीत. अंग भाजतंय आणि शुद्ध हरपतेय तर उष्माघात समजून अंगावर पाणी, वर पंखा आणि १०८. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

इन्सुलिनचंही याच ओघात. न उघडलेलं २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नाही. एकदा गोठलेलं टाकून द्यायचं. सोलापूरच्या उन्हाळ्यात वापरात असलेली कुपीही कपाटात ठेवता येत नाही.

बाबांना विस्मरण आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो. संध्याकाळी ते चिडतात, दार वाजवतात. केंद्रात त्यांचे हात कॉटला बांधलेले दिसले. "नाहीतर पडतील, तुम्हीच मग विचाराल" असं सांगितलं.
– अशोक चौक

बांधल्याने पडणं थांबत नाही. सोडवून घेण्याच्या झटापटीत माणूस जास्त जोरात पडतो. मनगटाला जखमा होतात, एका जागी पडून कफ साचतो, आठ-दहा दिवसांत पायांतली ताकद जाते आणि मग ते खरंच उठू शकत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नोंदणीकृत संस्थांसाठी स्पष्ट लिहिलं आहे: तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, गरजेपुरताच वेळ बांधता येतं, शिक्षा म्हणून नाही आणि माणसं कमी आहेत म्हणून तर नाहीच. तुमचं केंद्र त्या नोंदणीत बसत असो वा नसो, मोजायची पट्टी हीच ठेवा आणि लेखी विचारा: कोणाच्या सांगण्यावरून बांधलं, किती वाजता, किती वेळ, आम्हाला का कळवलं नाही.

बांधण्याऐवजी काय? कॉट जमिनीपासून शक्य तितकी बुटकी करा किंवा गादी जमिनीवर घाला. कॉटला उंच कठडे लावू नका, विस्मरण झालेला माणूस त्यावरून चढतो आणि दुप्पट उंचीवरून पडतो. दुपारी चारला चालायला न्यावं, पाचला खायला द्यावं, अंधार पडायच्या आधी दिवे लावावेत. त्याआधी कारण शोधा. चिडणं दोन-तीन दिवसांत एकदम वाढलं असेल तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणं, सोडियम किंवा साखर कमी होणं, नवी गोळी, यांतलं काहीतरी बहुधा सापडतं.

भाषेचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिलात, आम्हाला तो फार मोठा वाटतो. विस्मरणात नंतर शिकलेली भाषा आधी निसटते. बाबा आयुष्यभर मराठी बोलले असतील, तरी आता "बाथरूमला जायचंय" हे तेलुगूतच निघेल, आणि मराठी मावशीला तो नुसता आरडाओरडा वाटेल. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या मावशी मिळणं अवघड नाही. पाळीला एक तरी अशी असावी हा आग्रह धरा. पाणी, भूक, दुखतंय, बाथरूम, झोप, भीती असे वीस तेलुगू शब्द देवनागरीत, अर्थासह लिहून कॉटपाशी चिकटवा. यंत्रमागावर पंचवीस-तीस वर्षं काढलेली असतील तर कानही तपासून घ्या. ऐकू न येणारा माणूस बोलावलं तरी वळत नाही आणि त्याला हट्टी ठरवलं जातं.

अचानक शांत झाले तरी सावध राहा. सकाळी अकराला गेलात आणि सगळा हॉल पेंगतोय, बाबांच्या तोंडातून लाळ गळतेय, तर शांत करणारी गोळी वाढवली आहे का ते विचारा. अशा काही औषधांनी विस्मरणाच्या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. चिठ्ठी कोणाची, डोस किती, पुन्हा कधी तपासणार, हे तिन्ही कागदावर हवं.

आत्याला ठेवायचं आहे. दोन लाख डिपॉझिट मागतात, पावती "देणगी" म्हणून देऊ म्हणतात. शिवाय आत्याने घर संस्थेच्या नावे केलं तर आयुष्यभर सांभाळू, असंही सुचवलं.
– अक्कलकोट रोड

देणगीच्या पावतीवर डिपॉझिट देऊ नका. देणगी परत मागता येत नाही. पावतीवर "परत मिळण्याजोगी अनामत" असे शब्द हवेत, किती दिवसांत आणि काय कापून परत, तेही. करारात लिहून घ्यायचं ते असं: महिन्याच्या रकमेत काय येतं आणि काय नाही (डायपर, औषधं, डॉक्टरची फेरी, दवाखान्यात सोबत), दरवाढ किती आणि किती आधी कळवून, प्रकृती बिघडली तर काढून टाकणार का, दवाखान्यात असतानाचे पैसे, मृत्यू झाल्यास उरलेल्या महिन्याचं काय, आणि मृत्यूचा वैद्यकीय दाखला कोणते डॉक्टर देणार. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, आणि रात्री दोनला डॉक्टर शोधण्याची वेळ कोणावर येऊ नये. पहिले पंधरा दिवस चाचणीचे ठेवा. दाखल करताना वजन, अंगावरच्या जुन्या जखमा, दागिने यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्या.

घराचं स्पष्ट नाही म्हणा. सांभाळणाराच मालमत्तेचा मालक झाला की तक्रार करायची ताकद संपते. घरातल्याच कोणाला देणार असतील तरी बक्षीसपत्रात "आयुष्यभर सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द घाला. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली सांभाळ न केल्यास असं हस्तांतरण रद्द करून घेता येतं, आणि अट लेखी असली की ते सोपं जातं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे. पैसे घेऊन सेवा नीट दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. मारहाण, कोंडणं असेल तर ११२. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ.

मी ७४ वर्षांची, एकटी राहते. कोणी ठेवायच्या आधी मीच जागा निवडणार आहे. माझ्यासारखीने काय पाहावं?
– रेल्वे लाईन्स

वरचं सगळं पाहाच. पण तुम्हाला एक गोष्ट करता येते, जी मुलांना करता येत नाही. तिथे चार दिवस पैसे भरून राहा. राहणाऱ्यांबरोबर जेवा, आणि व्यवस्थापक जवळ नसताना त्यांना विचारा: रात्री हाक मारली तर कोण येतं? आवडत नाही म्हटलं तर काय होतं? मोबाइल स्वतःजवळ ठेवू देतात का? बाहेर देवळात, बँकेत जाता येतं का? खोलीला आतून कडी आहे का, आणि कॅमेरा कपडे बदलायच्या जागेकडे तर वळलेला नाही ना?

पेन्शनचं पासबुक, एटीएम कार्ड आणि त्याचा पिन कोणाकडेही जमा करायचा नाही, "सोयीसाठी" म्हणाले तरी. हयातीचा दाखला मोबाइलवरून चेहरा दाखवून देता येतो, त्यासाठी कार्ड कोणाला द्यावं लागत नाही. सत्तरी ओलांडल्यामुळे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड उत्पन्नाची अट न घालता मिळतं. जाण्याआधीच काढून घ्या, आधार लागेल. चालू औषधांची यादी, अॅलर्जी आणि दोन नातेवाइकांचे नंबर एका कागदावर लिहून त्याच्या तीन प्रती करा: एक कपाटाच्या दाराला आतून, एक ऑफिसच्या फाईलला, एक पर्समध्ये. चष्म्याची जास्तीची जोडी घ्या. कवळीच्या डबीवर आणि कवळीवरही नाव घालून घ्या, दाताचे डॉक्टर ते करून देतात. एकत्र धुतल्या जाणाऱ्या ठिकाणी कवळ्यांची अदलाबदल सर्रास होते, आणि दुसऱ्याची कवळी बसत नाही म्हणून माणूस आठवडाभर नीट जेवत नाही, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.